सत्तावीस कलमं

गल्लीत सगळे त्यांना कलमवाल्या काकू म्हणायचे, आणि ते काही उगाच नव्हतं. गावाबाहेरच्या रोपवाटिकेत काकू सव्वीस वर्षं गुलाबाचे डोळे भरत होत्या. दिवसाला अडीचशे. जंगली गुलाबाचा खुंट घ्यायचा, त्याच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या गुलाबाचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला तो गव्हाएवढा कोंब, सालीसकट काढून त्या चिरेत सरकवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा दिसला तर लागला, काळा पडला तर गेला. काकूंचा हजारातला एखादाच जायचा, आणि तो गेला की त्या दिवसभर कोणाशी धड बोलायच्या नाहीत.

संध्याकाळी कामावरून येताना त्यांच्या पिशवीत काही ना काही असायचंच. छाटणीत निघालेल्या काड्या, फाटक्या पिशवीतलं एखादं रोप, मालकाने टाकून द्यायला सांगितलेला कंद. ते सगळं गल्लीत वाटलं जायचं, फुकट. पण फुकट म्हणजे मोकळं नव्हे. काकूंची एक अट होती. "तीन महिन्यांनी मी बघायला येणार." आणि त्या येतच. हातात कात्री घेऊन दारात उभ्या, कुंडीतल्या मातीत बोट खुपसून बघत, आणि कलमाच्या जोडाखालून काही फुटलेलं दिसलं की ते मुळापासून ओरबाडून काढत. "कलमाचं झाड म्हणजे एक नाही, दोन झाडं असतात बाई," असं त्या घरच्या बाईला सुनवायच्या. "वरचं चांगलं आणि खालचं जंगली. खालचं डोकं वर काढायला टपलेलंच असतं. त्याला एकदा मोकळीक दिलीत की वरच्याच्या तोंडचा घास गेला म्हणून समजा." लोक मागून हसायचे, सासूची तपासणी म्हणायचे तिला. पण त्या तपासणीमुळे गल्लीतला एकही गुलाब कधी जंगली झाला नव्हता.

काकूंना एक मुलगी होती. सतराव्या वर्षी ती आजारी पडली आणि पुढची सहा वर्षं घरातच राहिली. खिडकी आणि पलंग, पलंग आणि खिडकी. खिडकीत आईने आणलेले दोन गुलाब होते. मुलीने एक दिवस पापण्यांना रंग लावायच्या ब्रशाने एका फुलातला पराग दुसऱ्या फुलावर फिरवला. त्याचं फळ धरलं, पिकलं. चाळीस बिया निघाल्या, त्यातल्या अकरा उगवल्या, दहा मेल्या, एक राहिली. दोन वर्षांनी तिला फूल आलं. फिकट पिवळं, बुडाशी तांबूस, मान खाली घातलेलं, आणि वास चहाचा नवा पुडा फोडल्यावर येतो तसा. असं फूल काकूंनी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी ते मालकाला नेऊन दाखवलं, तर मालकाने ओठ पुढे काढला. "मान टाकतंय हो. हे कोण घेणार?"

घरी येऊन काकूंनी ते सांगितलं तेव्हा मुलगी खो खो हसली. "नका घेऊ म्हणावं. आपण वाटू की. आई, हे एका कुंडीत ठेवू नकोस हं, नाहीतर माझ्यासारखं घरात बसेल."

ती गेली त्याच्या चौथ्या दिवशी काकू कामावर हजर झाल्या. लोक म्हणाले, बाईचं काळीज दगडाचं आहे. काळीज बिळीज काही नव्हतं, हात रिकामे राहिले असते तर काकू वेड्या झाल्या असत्या. त्यांनी मुलीच्या झाडाच्या फांद्या नेल्या आणि एका दुपारी सत्तावीस खुंटांवर सत्तावीस डोळे भरले. एकही गेला नाही. खरं तर काड्या लावून रोपं करता आली असती, स्वतःच्या मुळांवर वाढली असती, पण तो गुलाब काडीने फार रडतखडत लागायचा आणि काकूंना धीर नव्हता. पोर म्हणाली होती वाट, तर लवकर वाटून मोकळं व्हायचं होतं.

कलमं हातभर झाल्यावर त्या दारोदार देऊन आल्या. नेहमीचं व्याख्यान त्यांच्याने झालं नाही. प्रत्येक दारात त्या एवढंच म्हणाल्या, "पाणी घाला, ऊन दाखवा. आणि याला कोणी कात्री लावू नका. एक फांदीसुद्धा कापू नका माझ्या पोरीची." लोकांनी माना डोलावल्या. कोणी डोळे पुसले. तीन महिन्यांनी बघायला येते, हे त्या वेळी काकू म्हणाल्या नाहीत आणि गेल्याही नाहीत. पोरीचं झाड दुसऱ्याच्या दारात फुललेलं बघणं त्यांना झेपत नव्हतं. त्या मागच्या बोळाने कामावर जाऊ लागल्या, मान खाली घालून. लोकही समजूतदार. त्यांनी तो विषय काकूंपाशी काढला नाही. अशी चार वर्षं गेली.

मूळ झाड काकूंच्या अंगणात, मोठ्या कुंडीत होतं. ते गेलं या थंडीत.

काकूंच्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन होतं, म्हणून त्या बारा दिवस तिच्याकडे राहिल्या. घरी काका एकटे. काका घड्याळं दुरुस्त करायचे, आता नजर अधू झाल्यामुळे नुसते बसून असायचे. मनुष्य घड्याळासारखाच नेमाचा. सकाळी सातला एक तांब्या, संध्याकाळी सहाला एक तांब्या, असं पाणी त्यांनी न चुकता घातलं. पाचव्या दिवशी पानं पिवळी पडली. काकांना वाटलं, तहानलंय. त्यांनी दोनाचे चार तांबे केले. मुळं कुजली की झाड तहानल्यासारखंच दिसतं, हे घड्याळजींना कुठून कळावं? काकू परत आल्या तेव्हा खोड बुडाशी काळं पडलं होतं. त्यांनी पिशवी उंबऱ्यातच टाकली, कात्री घेतली आणि शेंड्याकडून कापत खाली आल्या. एक तरी हिरवा डोळा सापडावा म्हणून. प्रत्येक काप तपकिरी निघाला. शेवटी हातात कात्री आणि पायाशी काड्यांचा ढीग उरला.

काका ओसरीवर उभे होते. "मी मारलं ना गं?"

काकूंनी खोटं बोलायचा प्रयत्न केला. "थंडीने गेलं असेल."

"मला नको शिकवूस. मी मारलं. आधी पोर गेली, ती काही माझ्या हातात नव्हती. हे होतं."

त्या दिवसापासून काका जेवायला बसायचे आणि अर्ध्यावर उठायचे. तांब्याला हात लावेनात. स्वतःला प्यायला पाणीसुद्धा काकूंनी दिलं तर घ्यायचे. काकूंनी आठवडाभर ते पाहिलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं, अरे, रडायचं कशाला? सत्तावीस घरी आहे की! एक डोळा मिळाला तरी पुरे. एका डोळ्याचं झाड करायला त्यांना काय लागत होतं? थंडी सरत आली होती, खुंटाची साल सुटायचे दिवस होते, यापेक्षा चांगला मुहूर्त नव्हता. त्यांनी रोपवाटिकेतून खुंटाचं रोप आणून कुंडीत लावलं, चाकू दगडावर घासला आणि काडी गुंडाळून आणायला एक ओलं फडकं घेतलं.

"जाते आणि घेऊन येते," त्या म्हणाल्या. काका चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना दारापर्यंत सोडायला आले.

पहिलं घर शिंपिणीचं. ती मशीनवर होती, काकूंना दारात बघून तिने पाय थांबवला आणि तिला काय करावं सुचेना. काकूंनी सरळ सांगितलं, "आमचं झाड गेलं. एक काडी हवी होती."

"अगं बाई! या ना, या. तुमचंच आहे." शिंपीण त्यांचा हात धरून मागच्या अंगणात घेऊन गेली. "बघा तरी केवढं केलंय!"

झाड पत्र्यापर्यंत पोचलं होतं. पांढऱ्या, पाच पाकळ्यांच्या, रुपयाएवढ्या फुलांचे घोसच्या घोस. काकू दोन पावलांवरच थांबल्या. जवळ जायची गरज नव्हती. सात-सात पानांच्या त्या चिवट, फिकट डहाळ्या त्यांनी सव्वीस वर्षं रोज हाताळल्या होत्या. हा खुंट होता. जंगली.

शिंपीण बोलतच होती. "पहिल्या वर्षी पिवळं फूल आलं हो, तुमच्याकडे यायचं तसंच. दुसऱ्या वर्षी पिवळी दोन आणि पांढरी ढीगभर. मग पांढरीच. आधी आम्हाला वाटलं आमचंच काही चुकलं. पण बसवाल्यांकडे तेच, शाळेच्या बाईंकडे तेच. मग कळलं. काकू, झाडालासुद्धा माया असते. तुमची लेक गेली आणि त्याने रंग टाकला." तिने पदराने नाक पुसलं. "तुमच्यापाशी बोलायचा धीर नाही झाला कोणाला."

काकू खाली बसल्या. बुडाशी काटे बाजूला करून त्यांनी माती उकरली. जोड सापडला. त्यावर बोटभर लांबीची एक करडी, वाळकी खुंटी उभी होती. तेवढीच काय ती त्यांची पोर. त्यांनी ती चिमटीत धरली तर तुटून हातात आली.

"हे खालून आलेलं कोणी काढलं नाही?" त्यांनी विचारलं.

"काढतील कसे? तुम्ही सांगितलं होतं ना, कात्री लावायची नाही म्हणून. चार वर्षांत मी एक पान खुडलेलं नाही. आमच्या ह्यांचे येता-जाता तीन सदरे फाटले, ते म्हणतात छाटू या जरा, मी म्हटलं हात तर लावून बघा!"

काकू उठल्या. शिंपिणीने दोन भरगच्च काड्या मोडून त्यांच्या फडक्यात ठेवल्या, आणि काकूंनी त्या घेतल्या. काय करणार?

पुढे बसवाल्याचं घर. हा माणूस सरकारी बस चालवायचा आणि घरातही कोणी मधे आलं तर हॉर्न वाजवल्यासारखा ओरडायचा. त्याने गच्चीवर झाडाला लोखंडी कमान करून घेतली होती. कमानभर पांढरं. "काकू, बघा, एकाला हात लावू दिलेला नाही. पाहुण्यांची पोरं फुलं तोडायला आली तर मी त्यांना खाली हाकललं." काकूंनी बूड पाहिलं. तिथे खुंटीसुद्धा नव्हती, सालीवर नुसता एक डाग होता.

त्यानंतर त्या एकामागून एक दारं चढत राहिल्या. दवाखान्यातली नर्स, भाड्याने सायकली देणारा, दोघी जावा, लायब्ररीतले आजोबा. सगळीकडे चहा पुढे आला, सगळीकडे मोठ्या कौतुकाने त्यांना झाडापाशी नेलं गेलं. चार ठिकाणी झाड मेलं होतं आणि त्या घरच्या माणसांनी खाली मान घालून माफी मागितली. त्यांच्यावर रागवायची काकूंना इच्छाच होईना. मेलेलं तरी खरं होतं. बाकी सगळीकडे ते जोमाने वाढलं होतं. निष्काळजीपणाने झाडं मरतात हे काकूंना आयुष्यभर माहीत होतं. इतक्या काळजीने मरतात, हे त्या साठाव्या वर्षी शिकत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेच्या निवृत्त बाईंकडे गेल्या. बाईंवर त्यांची भिस्त होती. बाई शिस्तीच्या, बघून-समजून करणाऱ्या. पण शिस्तच नडली. झाडापुढे लाकडी पाटी ठोकलेली होती, सुवाच्य अक्षरात, "कृपया कापू नये." बाईंनी वही उघडली. कोणत्या महिन्यात किती फुलं, रंग पांढरा कधीपासून, सगळं नोंदलेलं.

"बाई, तुम्ही वाचणाऱ्या," काकू म्हणाल्या. "कलमाला खालून फूट येते ती काढायची असते, हे पुस्तकात असतं ना?"

"असतं ना. मी वाचलंही होतं. पण म्हटलं, पुस्तक लिहिणारा कोण कुठला, आणि तुम्ही स्वतः सांगितलंय." बाई हसल्या. "शिवाय तुमच्यापुढे शहाणपणा करायचा म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आणि ऐका, वाऱ्याने एक फांदी मोडली होती. फेकवेना. तिचे तुकडे मी कुंडीत खोचले तर सगळे लागले हो! तेरा. शाळेत दिले, दवाखान्यात दिले, वाचनालयाच्या दारात लावले. तुमच्या लेकीचं आता गावभर झालंय."

जंगली गुलाबाची काडी चिखलात फेकली तरी लागते. काकू हे बोलल्या नाहीत. "बरं केलंत," म्हणाल्या आणि निघाल्या.

आता एकच घर राहिलं होतं, किल्लीवाल्याचं. या इसमाला काकूंनी रोप द्यायचंच नाही असं ठरवलं होतं, तेव्हा त्याने दारात धरणं धरून मागून घेतलं होतं. कोणाचं ऐकणं त्याच्या रक्तात नव्हतं. ज्याला कापू नका म्हटलं तो हटकून कापणार, आणि कापणाराच आज काकूंना हवा होता. चालता चालता त्या मनात म्हणत होत्या, देवा, त्याने माझं ऐकलेलं नसू दे.

किल्लीवाला टपरीवर किल्ली घासत होता. काकूंनी विचारायच्या आधीच त्याने कान पकडले. "काकू, शिव्या घालू नका. मी कापलं."

काकू एकदम पुढे झाल्या. "काय कापलं? कुठे कापलं? दाखव."

टपरीच्या मागे तेलाच्या डब्यात झाड होतं. आटोपशीर, नीट छाटलेलं. सात-सात पानांचं.

"मागच्या पावसाळ्यापर्यंत दोन फांद्या होत्या," किल्लीवाला सांगू लागला. "एक ही अशी दांडगी आणि दुसरी मरतुकडी, वीतभर. तिला एखादं पिवळट फूल यायचं, तेही मान टाकून. म्हटलं ही त्या दांडगीचं उगाच खातेय. म्हणून तेवढी कापली बघा बुडापासून. चांगलीला धक्का नाही लावला. काकू? काय झालं? पाणी देऊ?"

काकू त्याच्या स्टुलावर बसून राहिल्या. मागच्या पावसाळ्यापर्यंत. सहा महिने. त्या रोज सकाळी या टपरीच्या मागच्या बोळाने जात होत्या, मान खाली घालून. एकदा, एकदाच जर मान वर केली असती! किल्लीवाल्याने पाण्याचा पेला आणला. "चुकलं का हो माझं?"

"नाही," काकू म्हणाल्या. "तू बरोबर केलंस. दुबळं असेल ते कापायचं असतं."

घरी काका अंगणात खुर्ची टाकून बसले होते. खुंटाच्या कुंडीवर त्यांनी गोणपाट टाकून सावली केली होती, शेजारी चाकू, पट्टी, सगळं मांडून ठेवलेलं. काकूंच्या चपलांचा आवाज ऐकून ते उठले. "मिळालं?"

काकूंच्या हातात फडकं होतं आणि त्यात काड्या होत्या. काकांना दिसत किती होतं! हो म्हणायचं, दोन मिनिटांत एक डोळा भरायचा, पट्टी गुंडाळायची. माणूस आज पोटभर जेवला असता. फूल यायला वर्ष, तोवर वर्षभर झोपला असता. काकूंनी तोंड उघडलंही होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमच्या हातून एक गेलं. माझ्या हातून सत्तावीस गेली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. उभ्या उभ्याच, फडकं हातात धरून. शेवटी काकांनी विचारलं, "कात्री लावू नका, असं तू म्हणालीस?"

"हो."

"तू?"

त्या एका शब्दाने काकूंना जे झालं ते दोन दिवसांत झालं नव्हतं. सव्वीस वर्षं, दिवसाला अडीचशे, आणि दारोदार जाऊन लोकांना शिकवलेलं एकच वाक्य, तेच पोरीच्या वेळी गिळलं. नुसतं गिळलं नाही, उलटं सांगितलं. त्या अंगणात मटकन खाली बसल्या आणि मोठ्याने रडल्या, चार वर्षांपूर्वी रडायला हव्या होत्या तशा. काका त्यांच्या शेजारी फरशीवर बसले, बराच वेळ, गुडघे दुखेपर्यंत.

"लोकांना सांगणार आहेस?" नंतर त्यांनी विचारलं.

"काय सांगू? की तुम्ही चार वर्षं सदरे फाडून घेतलेत ते कशासाठी?"

"मग नको."

"नकोच."

विषय तिथे संपला असता. पण शिंपिणीच्या पोटात तीळ भिजत नाही. काकूंचं झाड गेलं आणि बिचारी दारोदार काडी मागत फिरतेय, ही बातमी दोन दिवसांत कानोकानी झाली. रविवारी सकाळी दाराची कडी वाजली. दारात बसवाला, दोन्ही हातांत कुंडी, घामाघूम. "काडीने काय होतंय काकू? मुळासकट काढून आणलंय फुटवा. फुललेला आहे." त्याच्या मागे नर्स. तिच्या मागे दोघी जावा, एकमेकींशी बोलत नसत त्या एकच कुंडी दोन बाजूंनी धरून आलेल्या. शाळेच्या बाईंनी तीन रोपं आणली होती, तिन्हींवर तारीख. लायब्ररीतल्या आजोबांनी एक काडी आणली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून, छातीशी धरून. सर्वांत शेवटी किल्लीवाला तेलाचा डबाच उचलून घेऊन आला. "माझं अख्खंच घ्या," तो म्हणाला. "मला काही झोप लागेना."

दहा वाजेपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. सगळीकडे पांढरे घोस, आणि वास कशालाच नाही. माणसं अवघडून उभी होती, चांगलं काम केल्यावर माणसं उभी राहतात तशी, आणि काकूंच्या तोंडाकडे बघत होती.

"हेच ना काकू?" शिंपिणीने विचारलं. "तेच आहे ना?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "तेच आहे. लाख उपकार झाले तुमचे." आयुष्यात खोटं बोललेला माणूस नव्हे, पण आवाज हलला नाही. तेव्हा काकूंनाही बोलता आलं. "हो," त्या म्हणाल्या. "हीच माझी पोर." बसवाल्याने रुमाल काढून नाक शिंकरलं. मग मोठी कुंडी कुठे ठेवायची यावर त्याने चार जणांशी हुज्जत घातली, जुन्या झाडाच्या जागीच ठेवायला लावली, खुंटाचं ते बिनकामाचं रोप उचलून भिंतीकडे सरकवलं, आणि सगळे हळूहळू आपापल्या घरी गेले.

अंगणात दोघंच राहिले. ऊन चढत होतं. उपटून आणलेल्या फुटव्यांची पानं माना टाकायला लागली होती. काकू खुर्चीत बसून होत्या, त्यांना उठवेना. काकांनी आत जाऊन तांब्या भरून आणला. तो हातात धरून ते कुंड्यांच्या कडेला उभे राहिले. पाणी पायांवर सांडत होतं.

"किती घालू गं?" त्यांनी विचारलं.

"घाला हवं तेवढं," काकू म्हणाल्या. "कितीही घातलंत तरी हे मरायचं नाही."

काका वाकले आणि पहिल्या कुंडीपासून घालू लागले.